शोभाच्या मुहूर्ताचं घड्याळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही. हसलात तरी चालेल. मलाही हसूच येतंय.

बोटीवर नोकरी करणाऱ्या काकांनी मला एक जुनं घड्याळ दिलं होतं. पाणबुड्यांचं, चावीचं, जाडजूड — पाण्याखालीही मनगटाला जाणवावा असा त्याचा गजर. आता मी कसला पाणबुड्या? धरमतरच्या खाडीत गुडघाभर पाण्यात घाबरणारा माणूस. पण मिरवलं किती, विचारू नका.

माझ्या बहिणीचं, शोभाचं, लग्न आमच्या रामवाडीत होतं. तिच्या रोह्याच्या सासूबाई मुहूर्ताच्या बाबतीत भारी कडक. मीच छाती पुढे काढून सांगितलं — कुणी घड्याळ बघू नका, माझा गजर वाजला की लग्न लावा. भटजी मंगलाष्टकं म्हणत राहिले. मग आत्या गायली, मावशी गायली. गजर काही वाजेना. का वाजेना? त्या घड्याळाला चाव्या दोन — एक वेळेची, एक गजराची. गजराची भरायला मी विसरलो होतो.

पाहिलं, तर मुहूर्त कधीच टळलेला. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, नाही का? शोभाला पुढे ऐकून घ्यावं लागेल म्हणून गप्प बसलो असं म्हणता येईल — पण ते खरं नाही. मला माझ्या अब्रूची काळजी होती. आत्याच्या पाठीआड गेलो, चावी पिळली, गजराचा काटा सरकवला. कर्रर्र! अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि सासूबाई म्हणाल्या, "टायमावर लागलं गो बाय. आता घोर नाय."

आणि खरंच घोर लागला नाही. शोभा आणि तिचा नवरा अजून संध्याकाळी रोह्याला नदीवरच्या अष्टमीच्या पुलावर फिरायला जातात. भांडले तरी चहा निवायच्या आत गोड होतात. श्रेय सगळं मुहूर्ताला.

परवा त्यांच्या लेकीचं लग्न होतं. शोभाचा फोन — "दादा, घड्याळ आन हां. माझं लगीन मिनिटावर लागलं म्हनून तर मी सुखात हाय." भटजींनाही तिने बजावलं होतं, दादाचा गजर झाल्याशिवाय मंगलाष्टकं थांबवायची नाय.

मामा म्हणून भाचीच्या मागे उभा राहिलो. फोन सगळ्यांच्या हातात होते, पण सगळे शूटिंगमध्ये. या खेपेला दोन्ही चाव्या भरल्या होत्या. फक्त गजर मुहूर्तावर लावला नव्हता. शोभाच्या लग्नाला झाला होता तेवढाच उशीर मुद्दाम धरला होता.

वाजला. शोभाने डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं — आणि मी सगळ्यांच्या आधी मूठभर अक्षता टाकल्या.