टाळ्यांच्या आधी

मंगळवारी सकाळी हमीदसर गेले. मी पनवेलच्या वाचनालयात होते. त्यांच्या मुलीचा फोन आला. हातातलं पुस्तक फळीवर ठेवलं आणि त्यांच्या घरी गेले.

आम्ही एकाच शाळेत मराठी शिकवायचो. धडा संपला की "समजलं?" विचारायचं आणि वर्गाने एका सुरात "होऽऽ" म्हणायचं, ही सगळीकडचीच रीत. सरांच्या वर्गात ती चालत नसे. "सगळ्यांना एकदम समजलं? म्हणजे कुणी ऐकलंच नाही," असं म्हणून ते हसायचे. आधी एकाने तरी प्रश्न विचारायचा, मग पुढचा धडा. शनिवारी वाचनालयात आम्ही काहीजण जमून कथा वाचायचो, तिथेही त्यांनी हाच नियम आणला. प्रश्न आल्याशिवाय टाळ्या नाहीत.

त्यांचं नाटक यातूनच आलं. कामोठ्यात नव्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. नाटकात तळ्याचा राजा बगळा. तळं आटत असतं, पण तो रोज सांगतो, पाणी वाढतंय, आणि बदकं टाळ्या वाजवतात. एक टिटवी खरं बोलते. तिला हाकलतात ती बदकंच. बगळा त्या प्रवेशात चोचही उघडत नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी तालीम पाहिली. बगळा त्यांना आवडला, पण बदकं भोळी, घाबरलेली दाखवा म्हणाले, नाहीतर पालकांना लागेल. सर त्यांना म्हणाले,

"साहेब, बगळा एका पायावर उभा असतो. त्याचा दुसरा पाय म्हणजे ही बदकं. ती भोळी केली, तर माझ्या नाटकात उरलं काय?"

स्नेहसंमेलनातून नाटक गळलं. निवृत्ती जवळ आलीय, कशाला वाकड्यात शिरता, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांनी समजावलं. सरांनी एक शब्दही बदलला नाही. शेवटी एका पालकांनी कामोठ्यातल्या आपल्या सोसायटीचं पार्किंग मिळवून दिलं. गाड्या बाहेर काढल्या, चादरींचा पडदा केला. टिटवी झाली होती नेरे गावातून शाळेत येणारी सुगंधा. सरांनी तिची भाषा तिच्या घरचीच ठेवली होती. "पानी उतरलंय, तुमाला दिसत नाय?" ती ओरडली, बदकांनी टाळ्यांनी तिचा आवाज बुडवला, आणि बघता बघता प्रेक्षकही त्यांच्या तालात टाळ्या वाजवू लागले... सुगंधा पुढे आली आणि लोकांकडे नुसती बघत राहिली. टाळ्या विरत गेल्या. पुढच्या खुर्चीवरचे एक आजोबा हळूच म्हणाले, "पोरी, आमी कशाला वाजवल्या गं?"

मागे खांबाला टेकलेले सर माझ्याकडे वळले. "बाई, झालं आपलं नाटक." इतका अभिमानाने भरलेला माणसाचा चेहरा मी नंतर पाहिला नाही.

परवा शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "असा शिक्षक पुन्हा होणे नाही, खरं ना?" सभागृह हो म्हणणार, तोच एक बाई उठल्या. सुगंधाच ती, आता स्वतः शिक्षिका आहे. "म्हणजे सर नेमके कसे होते?" तिने विचारलं. मग एकेकजण उठून आपला प्रसंग सांगू लागला. सभा लांबली, आणि लोक हसलेही.

शनिवारचं वाचन चालू आहे. टाळ्या अजूनही प्रश्नानंतरच वाजतात.