सगळ्यांशी बोलणारा डबा

आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या ऑफिसात एक ड्रॉवर जुन्या चार्जरांनी भरलाय. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही, पण टाकवत कुणालाच नाहीत. आमच्या धंद्यातले किस्सेही असेच साठतात.

धंदा साधा. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना बोलतं करणारा डबा आम्ही बनवतो. मालक शिरीषसर, सर्व्हिसला मी. मोठी ऑर्डर आली नाही तर दिवाळीनंतर शटर खाली, हे सरांनी सांगूनच ठेवलं होतं.

*

पहिलं गिऱ्हाईक दिंडोरीकडचे बाळूनाना. द्राक्षबागेत ओलावा मोजणारं यंत्र एका कंपनीचं, पाण्याचा व्हॉल्व्ह दुसरीचा. मी समजावलं, डबा एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगतो.

"हे काम आमच्याकडं मंदा करते," नाना म्हणाले.

नानांच्या पत्नी मंदावहिनी दोन फोन मांडून ओट्यावर बसल्या होत्या. दोन कंपन्यांची दोन ॲप; एकात ओलावा बघायचा, दुसऱ्यात व्हॉल्व्हचं बटण दाबायचं. तरी नानांनी डबा घेतला. दया म्हणून!

*

पुढे सरांनी महिन्याची फी काढली.

नाना म्हणाले, "जोडायचे पैसे दिले. लग्न लावलेला भटजी दर महिन्याला दक्षिणा मागतो का?"

सर पंचवटीतले, भटजींच्याच घरातले. त्यांनी फीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

*

मग सर ओलाव्याचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. फी तुम्ही भरा, म्हणाले. तिथले साहेब खूश. सगळ्यांनी जोडलं जायलाच हवं, म्हणाले. "फक्त आमचं गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही, एवढं बघा."

*

त्याच कंपनीने ॲप बदललं आणि नानांचा डबा मुका झाला. मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आमचं यंत्र आमच्या यंत्राशी व्यवस्थित बोलतंय."

*

शेवटी नानांच्या शेतकरी गटाने सगळ्या सभासदांसाठी डबे घ्यायचा विचार केला. डेमोला सगळं चाललं. माती सुकली, व्हॉल्व्ह आपोआप उघडला, टाळ्या पडल्या. सरांनी माझा हात घट्ट दाबला.

नाना उठले. "डबा चांगला हाय. पण कंपनीनं ॲप बदललं की गप बसतो. मंदा चिडते, पण शिकून घेते."

गटाने डब्यांऐवजी मंदावहिनींना पगारावर नेमलं.

दिवाळी झाली. सर आणि मी ऑफिसातलं सामान खोक्यांत भरत होतो, तेवढ्यात वहिनींचा फोन.

"भाऊ, टेबलावर लय फोन झालेत. एकाची चार्जिंगची वायर दुसऱ्याला लागत नाय. सगळ्यांना चालंल असं तुमच्याकडं काही मिळंल का?"

मी सरांकडे बघितलं. त्यांनी तो चार्जरांचा ड्रॉवर ओढून काढला आणि तसाच नेऊन माझ्या स्कूटरवर ठेवला.