नरकावर वाळवलेल्या मिरच्या

आमचे प्रचारकबुवा प्रार्थनेच्या मध्येच हसायचे. देवाचे उपकार आठवले की त्यांना हसू आवरत नसे. जळगाव जामोदच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत सगळे ‘आम्ही पापी’ म्हणताना चेहराही तसाच ठेवत. बुवा एकटे लग्नघरातून आल्यासारखे दिसत. इंग्रजी अमल होता, वऱ्हाड प्रांताचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा. मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि माझी श्रद्धा साधारण पगाराएवढी होती. एकदा विचारलं, “बुवा, देवापुढे हसू कसं येतं?”

“मास्तर, बापाच्या घरी आलेलं लेकरू तोंड पाडून बसते काय?”

मिशनने त्यांना नरकाचं एक भलंमोठं चित्र दिलं होतं. मेणकापडावर लाल ज्वाळा आणि त्यांत होरपळणारी माणसं. बाजारात ते टांगून लोकांना आधी घाबरवायचं, मग तारणाचं सांगायचं, अशी रीत होती. बुवांनी त्यावर मिरच्या वाळत घातल्या. “कापड लई पक्कं हाय. मिरच्याले माती लागत नाही.”

दौऱ्यावर आलेल्या पाद्रीसाहेबांनी हे अंगणात पाहिलं. साहेबांच्या सामानाला तीन बैलगाड्या लागत, पण त्यांत थट्टेला जागा नसे. येत्या रविवारी याच चित्रावर उपदेश करा, नाहीतर जागा सोडा, असा हुकूम झाला.

रविवारी चित्र भिंतीवर चढलं. मिरचीच्या खकाण्याने पहिली शिंक साहेबांनाच आली. पण कोणी हसलं नाही, कारण पुढे सोनाबाई बसली होती. तिचं तान्हं बाळ बाप्तिस्म्याआधीच, म्हणजे साहेबांच्या हिशेबी तारणावाचून, गेलं होतं आणि तेव्हापासून तिने अन्नाला नीट हात लावला नव्हता. चित्राकडे बराच वेळ बघून ती उठली.

“बुवा, माहं पोरगं ह्याच्यात हाय काय?”

साहेब खाकरले. बुवांनी चित्र उतरवून गुंडाळलं.

“नाही माय. ते देवाच्या मांडीवर खेळून राह्यलं. तू जेवली काय आज?”

जागा गेली. बुवा खामगावला एका जिनात कापसाची ओझी वाहू लागले. मी भेटायला गेलो तेव्हा फाटकाशी आले. भिवयांत, मिशांत कापूस.

“साहेबांपुरते दोन शब्द बोलला असतात तर?” मी म्हणालो.

“पगार त्यायचा होता, मास्तर. देव थोडाच त्यायच्यापासून घेतला होता?” आणि पोट धरून हसले. भोंगा झाला, तसे आत गेले. पुन्हा भेट झाली नाही.

सोनाबाई त्या रविवारी घरी जाऊन जेवली. धर्माविषयी छातीठोकपणे सांगता येईल असं मला आजही तेवढंच ठाऊक आहे.