घरबसल्या कमाईचा क्लास

कोथरूडमध्ये क्लास काढायला फारसं डोकं लागत नाही. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवायचा, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग दिसायला लागला की क्लास सुरू झाला. आमच्या सोसायटीत तेव्हा गणिताचा, गिटारचा, संस्कृत संभाषणाचा आणि चॉकलेटं बनवायचा असे क्लास आधीच होते. त्यात माझी भर पडली. माझा क्लास घरबसल्या इंटरनेटवर कमाई करायचा.

ब्रॉडबँड नुकतं घरोघरी पोचलं होतं. मी आधी एका आयटी कंपनीत मॅन्युअल लिहायचे. मुलगी झाल्यावर ती नोकरी सोडली आणि घरी बसून एका अमेरिकन वेबसाइटसाठी इंग्रजी लेख लिहायला लागले. विषय ते द्यायचे. हिरवळीवरचं गवत कसं कापावं, फायरप्लेसमधली राख कशी काढावी, तळघरात ओल आली तर काय करावं. आमच्याकडे तळघर नाही, फायरप्लेस नाही, आणि हिरवळ म्हणाल तर गॅलरीत कोथिंबिरीची एक कुंडी. तरी मी ठोकून द्यायचे. "तुझ्या भरवशावर तिकडे कुणीतरी राख काढतंय बिचारं," असं नवरा म्हणायचा. त्याचं बोलणं असंच, आडून मारलेलं. पण डॉलर यायचे. ते रुपये होऊन खात्यात पडले की मला फार भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू.

ही बातमी शेजारच्या वहिनींना कळली, म्हणजे सोसायटीला कळली. आधी एक आली, मग तिची जाऊ, मग जावेच्या भिशीतल्या सगळ्या. "आम्हालाही शिकवा ना." मी फुकट शिकवायला लागले तर कुणी वेळेवर येईना. फी लावल्याबरोबर सगळ्या वेळेच्या आधी येऊन बसायला लागल्या. फुकटच्या ज्ञानावर आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही.

मी शिकवायचे मात्र मन लावून. ईमेल कसा लिहायचा, काम कसं मागायचं, लेखाची सुरुवात कशी करायची, पैसे कसे मागवायचे, सगळं. बॅचमागून बॅच होत गेल्या. माझं स्वतःचं लिहिणं त्या गडबडीत मागे पडलं. लेखाचे दरही उतरले होते, कारण तोवर जगभरातले सगळेच लिहायला बसले होते. मला त्याचं काही वाटलं नाही, क्लास झकास चालला होता.

त्या वर्षी माझ्याकडे खडकीची एक मुलगी यायची. खडकी म्हणजे माझं माहेर. बाबा तिथल्या कारखान्यात फिटर होते आणि आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. शेजारच्या काकूंची ही धाकटी, माझ्या मांडीवर खेळलेली. आता बी.कॉम. होऊन दोन बस बदलत माझ्याकडे शिकायला येत होती, आणि वर्गात सगळ्यांत चलाख तीच होती. तिचे वडील त्याच कारखान्यात नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मुलीला घ्यावं म्हणून काकूंनी वर्षानुवर्षं ऑफिसचे उंबरे झिजवले होते.

एका दुपारी काकूंचा फोन आला. "जयभीम बाळा," म्हणाल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या.

"ऑर्डर आली गं. कारकुनाची जागा, कायमची. येत्या सोमवारी हजर व्हायचंय. आणि ही म्हणते, मी नाही जाणार. ताईंसारखी घरी बसून कमावणार म्हणते. तूच सांग तिला काय ते. तुझं ऐकेल."

"सोमवारी नाही गेली तर?"

"तर गेली नोकरी. पुन्हा थोडीच बोलावणार आहेत?"

आता ऐकणाऱ्याला वाटेल, मी लगेच म्हणाले असेन, काकू, तिला कानाला धरून पाठवा. छे. माझी कॉलर ताठ झाली. एक मुलगी कायमची नोकरी नाकारतेय, का, तर माझा क्लास इतका चांगला आहे. "विचार करून सांगते," असं मी म्हटलं. त्यावर काकू म्हणाल्या, "विचार काय करायचाय त्यात?" आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात, रविवारी, नव्या बॅचचं डेमो लेक्चर होतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडे गेले. क्लासच्या फ्लेक्सचं डिझाइन त्याच्याकडे तयारच असायचं. वर क्लासचं नाव, खाली फोन नंबर, मध्ये तीन मोठे गोल.

"टॉपरचे फोटो आणलेत?" त्याने विचारलं.

"अहो, कमाईचा क्लास आहे. दहावीचा नाही."

"असू दे की. सगळ्यांत जास्त कमावणाऱ्या तिघी द्या. टॉपर नसलेला क्लास बघितलाय का तुम्ही कुठे?"

मी खरंच बघितला नव्हता. मला त्याचं म्हणणं पटलं. घरी आले, चहा घेतला आणि जुन्या विद्यार्थिनींना एकेक फोन लावायला बसले. नवरा समोरच पेपर वाचत होता.

पहिली म्हणाली, "ते होय? ते मी कधीच सोडलं मॅडम. पोळीभाजीचे डबे देते आता, मस्त चाललंय." दुसरीने लेख लिहिले होते, पण पैसे द्यायच्या आत ती वेबसाइटच गायब झाली होती. तिसरी म्हणाली, "करते ना, नियमित करते." मी विचारलं, पैसे किती मिळाले? "अजून यायचेत." कधीपासून? "दिवाळीपासून." चौथीने माझ्यावरच तोंड टाकलं. तिचं संपेपर्यंत मी फोन कानापासून लांब धरला. मग आणखी काही, आणि सगळ्यांची रड तीच. मी नेटाने फोन लावत राहिले आणि शेवटी एक सापडली.

"मॅडम, तुमचीच आठवण काढत होते," ती म्हणाली. "माझं फार छान चाललंय. नवऱ्यापेक्षा जास्त मिळवते मी आता."

मला इतका आनंद झाला. "अगं, काय लिहितेस?"

"लिहीत नाही हो. सिंहगड रोडला क्लास काढलाय. घरबसल्या कमाईचा. तुमच्याच नोट्स वापरते, रागावू नका हं."

मी फोन ठेवला. नवऱ्याने पेपर खाली केला. "चला, टॉपर मिळाली तुझी," म्हणाला आणि पोट धरून हसायला लागला. मलाही हसू आलं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसत असताना त्याने सहज विचारलं, "तू शेवटचा लेख कधी लिहिलास गं?"

"तुला काय करायचंय?" मी खेकसले. मग आठवायला लागले. आठवेचना. गेला उन्हाळा? त्याच्या आधी? आमच्या घरी इंटरनेटवरून येणारा पैसा थांबला होता, आणि इंटरनेटवरून पैसा कसा येतो हे सांगून येणारा पैसा तेवढा चालू होता. कुणाला फसवायचं माझ्या मनात कधी नव्हतं. मी बघितलंच नव्हतं, एवढंच. आणि तिकडे खडकीत एक मुलगी माझ्याकडे बघून कायमच्या नोकरीला नाही म्हणत होती.

फ्लेक्सवाल्याला फोन करून काम थांबवलं, आणि शनिवारी खडकीच्या त्या मुलीला घरी बोलावलं. पोहे केले. ती खात असताना सगळं सांगून टाकलं. कुणी काही कमावत नाही, मीसुद्धा लेखांवर कमावत नाही, मी कमावते ते तुमच्या फीवर. तेव्हा मुकाट्याने सोमवारी हजर हो.

तिने शांतपणे पोहे संपवले. "ताई, लेखांचं कोण बोलतंय?" ती म्हणाली. "मी पण क्लासच काढणार आहे. खडकीत. आमच्या क्वार्टर्समध्ये कितीतरी पोरी शिकून घरी बसल्यात. तुम्ही काय करता, कसं बोलता, ते मी पहिल्या दिवसापासून बघतेय."

माझं डोकंच फिरलं. "आणि त्या पोरींना काय सांगशील?"

"तुम्ही आम्हाला सांगता तेच."

"मग आत्ता सांगितलं ते पण सांग ना."

तिने जरा विचार केला. कुचकेपणा अजिबात नव्हता तिच्या चेहऱ्यावर, अगदी सरळ उत्तर दिलं. "ते सांगितलं तर कोण येईल, ताई?"

कुणी तोंडात मारल्यासारखं झालं मला. पण माझा स्वभाव असा की अशा वेळी गप्प बसवत नाही. "मी सांगते," म्हटलं. "उद्याच्या डेमोला सगळं खरं सांगते. तू मागे बसून बघ. ऐकूनही बायकांनी फी भरली तर काढ खुशाल क्लास, काकूंना मी समजावते. आणि उठून गेल्या तर सोमवारी कामावर जायचं. लागली पैज?"

"लागली," ती म्हणाली आणि बस पकडायला गेली.

नवरा आतून बाहेर आला. "म्हणजे उद्या तुझा क्लास बुडाला तर तू जिंकलीस," म्हणाला. "वा."

रविवारी हॉल गच्च भरला. मुलगी मागच्या रांगेत बसली, तिच्या शेजारी एक पन्नाशीच्या बाई, हातात पर्स घट्ट धरलेली. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. म्हटलं, माझ्याकडे शिकून इंटरनेटवर नीट कमावणारी एकही बाई मला माहीत नाही. एक कमावते, ती क्लास काढून. मी पण कमावते, ते तुमच्याकडून. तेव्हा ज्यांना घरी जायचंय त्यांनी जावं, मला राग येणार नाही.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, जिंकलो.

मग पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "इतकं स्पष्ट बोलणारं माणूस आजकाल मिळतं कुठे?" दुसरी म्हणाली, "नाहीतर ते बाकीचे क्लासवाले. लखपती करतो म्हणे." तिसरीने विचारलं, फी आत्ताच घेता का. मी आवाज चढवला. "अहो, मी काय सांगतेय? कुणालाही काही मिळालेलं नाही." त्यावर एक जण अगदी समजुतीने म्हणाली, "त्यांनी नीट केलं नसेल हो. आम्ही करू." एक बाई मात्र उठून दाराकडे निघाली. माझ्या जिवात जीव आला. तर ती खालच्या मजल्यावरून वहिनीला बोलवायला गेली होती. पर्सच्या चेनी उघडल्याचे आवाज सगळीकडून यायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते नकोसे झाले. मी नाही नाही म्हणत असताना माझ्या हातात फी कोंबून, कुणी मला नमस्कारसुद्धा करून, सगळ्या गेल्या.

मुलगी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. जिंकलेल्या माणसासारखी दिसत नव्हती.

"जिंकलीस बाई," मी म्हटलं. "थांब, काकूंना फोन करते."

"नको ना ताई. माझ्या शेजारी त्या बसल्या होत्या ना, त्यांच्या मिस्टरांची कंपनी बंद पडलीय. त्यांनी मला विचारलं, तुझं सुरू झालं का गं?"

"मग?"

"मी हो म्हणाले." ती माझ्याकडे बघतच नव्हती. "तोंडातून निघूनच गेलं. किती मिळतात विचारलं, तर आकडा पण सांगितला. लगेच त्यांनी पर्स उघडली. रुमालात बांधलेले होते हो पैसे. माझी आई तसेच ठेवते."

आणि ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. मला तिचा राग आला नाही, माझा आला, आणि लाजही वाटली. कारण तो आकडा तिने कुठून आणला ते मला कळलं होतं. पहिल्या लेक्चरला मीच सांगायचे तो, माझ्या चांगल्या दिवसांतला. थोड्या वेळाने नाक पुसून तिने विचारलं, "आज इथेच राहिले आणि सकाळी कामावर जायला पहिली बस चुकली तर?"

"बस कशाला? मी सोडते," मी म्हटलं.

तिला रात्री आमच्याकडेच ठेवून घेतलं आणि सकाळी गाडीवर खडकीला घेऊन गेले. काकू कारखान्याच्या गेटशी डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरून ठेवला, मुलगी आत जाईपर्यंत. परत येताना मी वाटेत गाडी थांबवून वडापाव खाल्ला. इतकी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

क्लास मी त्याच आठवड्यात बंद केला आणि घरोघरी जाऊन फी परत केली. बायकांना ते मुळीच आवडलं नाही. त्या रुमालवाल्या बाईंनी तर पैसे हातात घेऊन दारातूनच परत पाठवलं मला, आत या म्हणाल्या नाहीत.

पुढे एकदा मंडईत त्याच बाई भेटल्या. गवार निवडत होत्या. मी आपणहून बोलायला गेले.

"क्लास बंदच केलात शेवटी," त्या म्हणाल्या.

"अहो, त्यात खरंच काही नव्हतं. मी तेव्हाच सगळं सांगितलं होतं ना."

"सगळं नाही सांगितलंत. त्या मुलीला सांगितलंत. माझ्या शेजारीच होती ती, तिचं सुरू झालं होतं."

"ती खोटं बोलली होती. नंतर रडली त्यावरून. आता कारखान्यात कारकून आहे."

त्यांनी गवारीतून मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "नसेल सांगायचं तर नका सांगू."

आणि गवार पिशवीत टाकून पुढच्या गाळ्याकडे गेल्या.