शनीच्या आरशाला कुंकू

शाळेत मी गेलोय, पण पावसात आडोशाला. मार्केट यार्डात कांद्याचा टेम्पो चालवतो. असल्या माणसानं घरी दुर्बीण बांधायला घेतली, म्हणजे बैलानं पंचांग उघडल्यासारखंच.

कारण बायको. साखरेनं तिच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. दिसतंय तोवर बघायचं ते बघून घ्या." मी तिला विचारलं, काय बघायचंय? वाटलं, समुद्र म्हणेल. ती म्हणाली, "शनी. साडेसातीत सगळं घर धुऊन नेलं त्यानं. मेल्याचं तोंड तरी बघू."

म्हणून किट आणलं. पुठ्ठ्याचा जाड नळा, प्लायवूडची पेटी, तळाला बसवायचा थाळीएवढा आरसा, वरती एक चिमुकला तिरका आरसा आणि डोळा लावायचं भिंग. सोबतचा कागद इंग्रजीत. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून जोडलं. पहिल्यांदा पेटीच उलटी ठोकली. नळा आकाश सोडून शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या स्वयंपाकघरात बघायला लागला.

जोडून झालं की दोन्ही आरसे एका रेषेत आणायचे असतात. त्याला कॉलिमेशन म्हणतात. नाव ऐकून मला वाटलं, आता याच्याही गोळ्या सुरू होणार. एकानं वर डोळा लावायचा, दुसऱ्यानं मागचे स्क्रू फिरवायचे. मी वर, ती खाली.

"डावा फिरव."

"कुणाचा डावा? तुमचा का माझा?"

"दुर्बिणीचा गं."

"मग तिलाच विचारा."

आरसे जुळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शनी बघायचा ठरला. पण तो दिवस खंडेनवमीचा. आमच्यात त्या दिवशी टेम्पो, पाना, जॅक, वजनकाटा, सगळ्याची पूजा. पूजेशिवाय नवीन हत्यार वापरायचं नाही. मी मोठा आरसा मुद्दाम सोडवून पाटावर ठेवला.

ती म्हणाली, "अहो, नळ्याला लावा कुंकू. आरशाला कशाला?"

म्हटलं, "यातला मालक तोच आहे."

ओलं कुंकू, हळद, वर झेंडू. दुपारपर्यंत सगळं वाळून घट्ट बसलं. मग मी चिंच लावून, तारेच्या घासणीनं, समई घासावी तसा घासला.

घरच्या आरशाची चांदी काचेच्या मागं असते. याची पुढं होती. ती घासणीवर आली.

किट विकणाऱ्यांना फोन लावला.

"कशानं पुसलात?"

"पुसला नाही, घासला. तारेनं."

मग म्हणाले, "उत्तम. आता त्यात भेळ कालवा."

मुलामा पुन्हा चढवून मिळतो, पण आरसा बाहेरगावी पाठवावा लागतो आणि तिथं रांग. तो परत आला तेव्हा थंडी पडली होती. तोवर तिच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. दुसऱ्यानं नुसता उजेड कळायचा. दारात कोण आलंय ते ती आवाजावरून ओळखायला लागली. माझा लगेच ओळखायची, त्यात अक्कल नसते ना.

तरी म्हणाली, "लावा." पुन्हा मी वर, ती खाली, आता स्क्रू चाचपून. तिचा एकही स्क्रू चुकला नाही. मीच सारखा "थांब, थांब" म्हणत होतो. मलाच धूसर दिसायला लागलं होतं.

अंधार पडला तसे गच्चीत गेलो. शनी सापडला. भोवतीचं कडं अगदी आडवं, मण्यातून सुई ओवावी तसं. एवढासा, पण स्वच्छ. मी बाजूला झालो, तिला धरून तिचा डोळा भिंगाला टेकवला.

"दिसतोय?"

"नाही."

"दुसऱ्या डोळ्यानं बघ."

"तोच लावलाय, अहो."

एरवी मी इथं काहीतरी गमतीचं फेकलं असतं. यार्डात लोक मला त्यासाठीच चहा पाजतात.

ती हलेना. शनी भिंगातून सरकत जातो, नळा सारखा ढकलावा लागतो. मी बघायचो, त्याला मध्ये आणायचो, बाजूला व्हायचो. ती डोळा टेकवायची. पुन्हा सरकला की पुन्हा.

शेवटी तीच म्हणाली, "झाकण लावा. दव पडतंय, आरसा खराब होईल."