नवऱ्याचं नाव आणि सबिहाचा वर्ग

राहात्याजवळच्या आमच्या गावात सबिहा शेख शिवणकाम करते. तिनं कधी कुणाचा ब्लाऊज वेळेवर दिला असेल तर मला दाखवा. पण दुपारी पेरूच्या शेडमध्ये माल निवडणाऱ्या बायका जेवून बसल्या, की ही मशीन सोडून तिथं हजर. मोठ्या माणसांची साक्षरतेची परीक्षा असते ना, तिच्यासाठी ती त्यांना लिहा-वाचायला शिकवते, तेही फुकट. रिकाम्या क्रेटवर फळा टेकवायचा आणि खोक्यांवरचा मजकूर वाचायला लावायचा. मी शाळेत मास्तर. माझ्या वर्गात पोरं जांभया देतात, तिच्या वर्गात बायका भांडून पुढं बसतात. याचा मला राग येतो, तो येतोच.

मार्चच्या परीक्षेला तिच्या सगळ्या बायका तयार होत्या, अडल्या त्या एकट्या रतनबाई. कुठंही अंगठा उठवायची त्यांना भारी लाज वाटायची. पास होऊन सहीच करायची, असा हट्ट. वाचनात सगळ्यांच्या पुढं. पण सरावाच्या पेपरावर नाव लिहायचं आलं, की 'रतनबाई', मग मोकळी जागा, मग 'सदाफळ'. मधलं नाव नवऱ्याचं, ते कसं घ्यायचं? आणि पूर्ण नावाशिवाय पेपर चालणार नाही, असं मीच बजावून ठेवलेलं.

लिहिणं म्हणजे नाव घेणं नव्हे, असं सबिहानं परोपरीनं समजावलं.

"लिवलं म्हंजी घेतलंच की," रतनबाई म्हणाल्या. "तू घेती का तुझ्या मालकाचं?"

सबिहाही घरात नवऱ्याला 'उझैरचे अब्बा' अशीच हाक मारते. शेवटी तिला सुचलं. "मावशी, लग्नात उखाण्यात घेतलं हुतं ना? मग तसंच घ्या."

रतनबाईंनी ते अगदी मनावर घेतलं. परीक्षेला पर्यवेक्षक मीच होतो. पेपर गोळा करताना बघतो तर आधी 'रतनबाई', शेवटी 'सदाफळ', आणि मध्ये समासात उतरलेला अख्खा उखाणा:

'पेरूच्या बागेत राघूंचा थवा, आप्पासाहेबांचं नाव लिहिते, पासाचा शिक्का हवा.'

उखाणा चालणार नाही असं कुठल्या नियमात लिहिलंय? नाव तर पूर्ण होतं. मी पेपर गठ्ठ्यात घातला आणि शाळेमागं जाऊन पोटभर हसलो.

रतनबाई पास झाल्या. शेडमध्येच प्रमाणपत्रं वाटली, आणि सबिहानं प्रत्येकीला आपापलं मोठ्यानं वाचायला लावलं. नेमके तेव्हाच आप्पासाहेब पेरूचे क्रेट घेऊन आले होते. रतनबाई 'रतनबाई' वाचून थांबल्या. बायका उखाण्यासाठी गलका करू लागल्या. रतनबाईंनी पदर सावरला आणि सरळ वाचलं, "रतनबाई आप्पासाहेब सदाफळ."

आप्पासाहेबांनी हातातला क्रेट खाली ठेवला.

"म्या तर आजवर नुसता 'अहो'च हुतो," ते म्हणाले. "आजून एकदा वाच की."

सबिहा ओढणीनं डोळे पुसत होती. रतनबाईंनी परत वाचलं, या वेळी त्यांच्याकडं बघून.