मावशींच्या नावावर टाकलेला बिघाड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. खालापूर बाजूच्या एका कार्यालयातलं कॉपियर मशीन सारखं नेटवर्कवरून सुटायचं. त्याचं खापर तिथे झाडू मारणाऱ्या मावशींवर फुटलं आणि त्यांचं काम गेलं. चूक माझी होती. आणि ती माझी आहे हे मला त्यांचं काम जाण्याच्या आधी कळलेलं होतं.

कर्जतला माझं कॉपियर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा. कर्जत, कशेळे, चौक, खालापूर हा माझा टापू. गिऱ्हाईकं मला इंजिनीअर म्हणतात. मी इंजिनीअर नाही, वीस वर्षं मशीनं उघडून उघडून शिकलेला माणूस आहे.

ते मशीन मीच बसवलं होतं. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, घराला असतो तसा. कॉपियरला तो हाताने कायमचा द्यायचा, म्हणजे संगणक बिनचूक त्याच्याकडेच प्रिंट पाठवतात. लॅपटॉप, मोबाईल वगैरेंना राउटर आपल्या यादीतून नंबर वाटतो. माझी सवय अशी, की कुठल्याही कार्यालयात कॉपियरच्या नंबराच्या शेवटी शंभर. लक्षात राहतो, फोनवरून सांगायलाही सोपा. फक्त राउटरच्या यादीत शंभर नाही ना, एवढं बघून घ्यावं लागतं. त्या दिवशी राउटर उघडायला पासवर्ड हवा होता, इंटरनेटवाला फोन उचलत नव्हता, आणि कशेळ्याच्या एका शाळेतून दोनदा फोन येऊन गेला होता. मी शंभर टाकला, चाचणीचं पान काढलं, सही घेतली आणि निघालो. त्या राउटरची यादी शंभरापासूनच सुरू होत होती.

पंधरा दिवसांत तक्रार आली. प्रिंट जात नाही. मी गेलो, मशीन बंद-चालू केलं, चाललं. पुन्हा तक्रार. केबल बदलली, चाललं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाहेर दाखल्यांसाठी आलेली माणसं ओट्यावर बसली होती. डोंगरातल्या वाड्यांवरून आलेली, दिवसाची मजुरी बुडवून. एक म्हातारा मला म्हणाला, "तुमीच का तो डाक्टर? पेशंट जगतोय का नाय?" सगळे हसले. मीही हसलो.

मावशी चौकच्या पलीकडच्या, डोंगराखालच्या गावातल्या. ठेकेदाराकडून लागलेल्या. झाडू, फरशी, पाणी, चहा, आणि संध्याकाळी कार्यालय सुटताना विजेच्या बोर्डातल्या सगळ्या पिना काढायच्या. आमच्याकडे ऑक्टोबरात ढग गडगडायला लागले की घरोघरी पिना काढतात. डोंगराच्या कडेला वीज कुठून आत शिरेल नेम नाही. तिथला आधीचा राउटर तसाच जळाला होता. तेव्हापासून मोठ्या कारकुनांचा, म्हणजे भाऊसाहेबांचा, हुकूमच होता: एकही पिन बोर्डात राहता कामा नये. मावशी एकही ठेवत नसत. सकाळी पुन्हा सगळ्या लावत आणि मशीनला हात लावून नमस्कार करत. दसऱ्याला त्यांनी लावलेलं कुंकू अजून झाकणावर होतं.

चौथ्या खेपेला मी मशीनमागे उकिडवा बसलेला असताना त्या चहा घेऊन आल्या.

"भाऊ, तुजी मशीन मानसं बगून चालते काय रं?"

"का हो मावशी?"

"ते लॅपटॉपवालं सायेब हायेत ना, बांधकामाचं, ते फिरतीवर गेलं का ही दिसभर झ्याक चालते. ते येऊन बसलं का हिचं तोंड बंद. सवत आल्यासारकी रुसते बग."

मी चहा तसाच ठेवला. त्या साहेबांकडे गेलो, लॅपटॉप बघू का म्हणालो. नंबराच्या शेवटी शंभर. एकाच नंबराची दोन घरं. लॅपटॉप सुरू झाला की कॉपियर बाद. रोज सकाळी पिना लागल्या की राउटर नव्याने वाटप करायला बसायचा आणि त्या साहेबांच्या लॅपटॉपला दर वेळी त्याचा आधीचा शंभरच द्यायचा. पण मी शंभर घेतलाच नसता तर मावशींनी दिवसातून दहा वेळा पिना काढल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. जे मला चार खेपांत दिसलं नाही ते त्या बाईने झाडू मारता मारता पाहिलं होतं.

मशीनपाशी परत येऊन मी नंबर बदलला. दोन मिनिटांचं काम. संगणकांवरही नवा नंबर टाकला. तेवढ्यात मोठे साहेब आणि भाऊसाहेब येऊन उभे राहिले. आदल्या दिवशी माणसं रिकाम्या हाताने परत गेली होती आणि कुणीतरी वर तक्रार केली होती. साहेबांना कारण लेखी हवं होतं.

"काय निघालं शेवटी? मशीनच खराब दिलंत का आम्हाला?"

तिथल्या मशीनच्या देखभालीचं वर्षाचं काम माझ्या हातून जाईल, एवढंच माझ्या मनात आलं. म्हणालो, "मशीन चांगलं आहे साहेब. रोज वायरी काढतात, त्याने होतंय."

"कोण काढतं?"

भाऊसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मावशी कपबशा घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"मीच काडते. भाऊसायबांनीच सांगितलंय ना."

"मी बटणं बंद करायला सांगितलं होतं," भाऊसाहेब म्हणाले. "उपटायला नाही."

"आवं, तुमीच म्हनलाव ना, येक बी पिन दिसली तर घरी बसवीन!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. चहाच्या वेळचं बोलणं आता मी सांगेन, अशी खात्री होती. मी खाली मान घालून सर्व्हिस रिपोर्ट लिहायला घेतला. 'वारंवार वायर काढल्यामुळे नेटवर्क खंडित. मशीनमध्ये दोष नाही.' खाली सही, शिक्का. मला कुणी धमकावलं नव्हतं.

आठवडाभरात ठेकेदाराने मावशींच्या जागी दुसरी बाई लावली. आणि मशीन त्यानंतर एकदाही सुटलं नाही. सुटणारच नव्हतं, नंबर बदलला होता. पण तिथल्या लोकांनी त्याचा अर्थ सरळ लावला. महिन्याने मशीनच्या सफाईच्या कॉलला गेलो तेव्हा भाऊसाहेब टाळी देत म्हणाले, "बघा, म्हातारी गेली आणि मशीन शहाणं झालं!" मी टाळी दिली. नवी बाई रोज सुटताना पिना काढत होती आणि तिला कुणी काही म्हणत नव्हतं.

मावशी पुन्हा भेटल्या त्या चौकला, जुन्या हायवेवरच्या एका धाब्यामागे. मी हात धुवायला गेलो होतो. त्या भांड्यांच्या ढिगापुढे बसल्या होत्या.

"इंजिनेर भाऊ, वळख इसरला काय?"

"नाही मावशी. बऱ्या आहात ना?"

"हाय तशी हाय. मशीन चालते काय रं आता?"

"चालते."

त्यांनी पातेलं पालथं घातलं. "मंग माज्याच हाताला काय तरी हाय. सून टीवीची पिन लावू देत नाय मला. म्हनते, आत्या, हापिसची मशीन खाल्लीव, आता घरातलं तरी ऱ्हाऊ द्या. नातू बी तेच बोलतो." आणि मग, हात थांबवून, "खरं सांग रं भाऊ. माज्या हातनंच झालं आसंल ना?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. साहेब नव्हते, भाऊसाहेब नव्हते, वर्षाचं काम जाण्याची भीतीही तिथे नव्हती. एक शब्द पुरला असता.

"जाऊ द्या मावशी," मी म्हणालो. "झालं ते झालं."

त्यांनी मान हलवली, म्हणजे मी हो म्हणालो असंच धरलं, आणि पुढचं पातेलं घेतलं. रिपोर्ट लिहिताना मी घाबरलेला होतो, असं स्वतःला सांगता येतं. धाब्यामागच्या त्या उत्तराबद्दल असं काहीच सांगता येत नाही.

परवा समजलं, त्या आता धाब्यावरही नाहीत, घरीच असतात.

मी त्यांना काय देणं लागतो ते मला स्वच्छ ठाऊक आहे. त्या कार्यालयात जाऊन, माझ्या रिपोर्टातलं कारण खोटं होतं असं लिहून खाली सही करायची. आणि डोंगराखालच्या त्यांच्या घरी जाऊन, सुनेच्या आणि नातवाच्या समोर, तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं, चूक माझी होती, असं सांगायचं. यातलं एकही अजून मी केलेलं नाही.